ताप अंगावर काढायचा की उतरवायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात वागळे इस्टेटच्या बाजूला माझा छोटा दवाखाना आहे. जूनचा पहिला जोराचा पाऊस होऊन गेला की दोन-तीन आठवड्यांत बाकावरची निम्मी माणसं तापाची असतात, आणि ही रांग पार नवरात्रापर्यंत हटत नाही. काही जण शंभरचा आकडा दिसला की गोळी तोंडात टाकतात. काही जण आठ-आठ दिवस ताप अंगावर काढतात आणि मग धरून आणावे लागतात. या दोघांनाही मी रोज जे सांगते ते इथे सविस्तर लिहिलं आहे. तुम्हाला तपासून तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. त्यांनी तुम्हाला पाहिलंय, मी नाही.

कोणत्या तापात अजिबात वाट बघायची नाही?

हे आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप १००.४ किंवा त्याच्या वर असेल, तर घरचे उपाय करत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी त्याला घेऊन निघा. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग झाला तरी कधीकधी ताप हे एकच लक्षण दिसतं, आणि हसरं बाळसुद्धा काही तासांत मलूल होतं.

मोठ्यांमध्ये आणि मुलांमध्ये ही लक्षणं बघा. धाप लागणं किंवा श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जाणं. मान ताठ होणं. हाक मारली तरी नीट जाग न येणं, असंबद्ध बडबड. अंगावर लाल-जांभळे ठिपके, जे बोटाने दाबले तरी फिके होत नाहीत. थांबत नसलेल्या उलट्या, पोटात जोराचं दुखणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, डांबरासारखी काळी शौच. डोळे पिवळे होणं. सहा-आठ तासांत लघवीच न होणं. हातपाय गार पडणं. यातलं एक जरी दिसलं तरी थर्मामीटर काय म्हणतो हा प्रश्न उरत नाही.

केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला ताप आला तर तो त्याच तासाला कळवायचा असतो. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी हे सांगितलं असेलच, पण घरातले सगळे ते लक्षात ठेवतात असं नाही.

ताप नेमका कितीपासून धरायचा?

१००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. ९८.६ हा आकडा आपल्या डोक्यात इतका घट्ट बसलाय की ९९ दिसलं तरी लोक घाबरतात. हा आकडा वुंडरलिख नावाच्या जर्मन डॉक्टरने १८६८ मध्ये मांडला होता. तो सरासरीचा आकडा आहे. निरोगी माणसाचं तापमान पहाटे सगळ्यात कमी असतं आणि संध्याकाळी चार ते सहाच्या सुमारास सगळ्यात जास्त, त्यामुळे ऑफिसातून आल्यावर ९९.२ दिसलं तर त्याला ताप म्हणायचं कारण नाही. आपल्याकडे ज्याला कणकण किंवा कसर म्हणतात ती पुष्कळदा याच पट्ट्यात असते.

मोजायचं मात्र नीट. काखेतला घाम कोरड्या रुमालाने पुसा, थर्मामीटरचं टोक काखेच्या अगदी खळग्यात टेकवा, कपडा मध्ये येऊ देऊ नका, आणि मुलाचा हात छातीशी घट्ट धरून ठेवा, बीप वाजेपर्यंत. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश कमी येतो. डॉक्टरांना सांगताना त्यात स्वतःच्या मनाने एक मिळवू नका, ‘काखेत १०१’ असंच सांगा. कपाळासमोर धरायची बंदूक कातडीचं तापमान मोजते. पंख्याखाली बसलेल्या किंवा उन्हातून आलेल्या माणसाच्या बाबतीत तिच्यावर विसंबू नका.

शरीर स्वतःलाच का तापवतं?

जंतू शिरले की आपल्या पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात प्रोस्टाग्लँडिन तयार होतं आणि तिथला तापमानाचा काटा वर सरकतो. गिझरचा काटा चाळीसवरून साठवर नेल्यासारखं. काटा १०३ वर गेलाय आणि अंग अजून ९९ वर आहे, म्हणून शरीराला वाटतं आपण गारठलोय. मग हुडहुडी भरते, दात वाजतात, हातपाय गार लागतात. अंग १०३ ला पोचलं की थंडी थांबते. काटा परत खाली आला की घाम फुटतो.

म्हणून थंडी वाजत असताना पांघरूण द्या, आणि घाम सुटल्यावर तेच पांघरूण काढा. घाम यावा म्हणून जबरदस्तीने गोधड्या घालणं चुकीचं आहे.

हे सगळं शरीर उगाच करत नाही. वाढलेल्या तापमानात बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते आणि आपल्या पेशी जास्त चपळ होतात. १९७५ मध्ये वाळवंटी सरड्यांवर एक प्रयोग झाला. सरडा स्वतःचं अंग आतून तापवू शकत नाही, त्याला ऊब शोधावी लागते. जंतुसंसर्ग केलेल्या सरड्यांपैकी उबदार जागी ठेवलेले जास्त जगले, थंड जागी ठेवलेले पटापट मेले. पेनिसिलीन हाती येण्याआधी तर उपदंशाने मेंदू बिघडलेल्या रुग्णांना मुद्दाम मलेरियाचा ताप आणून बरं करण्याचा प्रयत्न व्हायचा, आणि त्यासाठी वॅग्नर-याउरेग यांना १९२७ चं नोबेल मिळालं. आज कोणी तसं करणार नाही. पण ताप हा शरीराचा स्वतःचा उपाय आहे, हे डॉक्टरांना बऱ्याच आधीपासून ठाऊक होतं.

मग गोळी घेतली तर आजार लांबतो का?

लांबतो असं ठामपणे म्हणता येईल एवढा पुरावा माणसांमध्ये मिळालेला नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या अतिदक्षता विभागांतल्या सुमारे ७०० तापाच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना पॅरासिटामॉल, निम्म्यांना नुसतंच सलाईनसारखं औषध. रुग्णांनी अतिदक्षता विभागाबाहेर काढलेल्या दिवसांत फरक पडला नाही.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. गोळीने आजार लवकर बरा होत नाही. आणि गोळी घेतली म्हणून अपराधी वाटायचंही कारण नाही. डोकं फुटतंय, अंग मोडून आलंय, झोप नाही, पाणी घशाखाली उतरत नाही, अशा माणसाला ‘शरीराला लढू दे’ म्हणून तसंच ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

म्हणजे गोळी नेमकी कधी द्यायची?

आकडा बाजूला ठेवा आणि माणसाकडे बघा. १०२ ताप असलेलं चार वर्षांचं मूल गाड्या खेळतंय, पाणी मागतंय, तुमच्याशी भांडतंय, तर त्याला औषधाची गरज नाही. १००.६ ताप असलेलं मूल मांडीवर पडून आहे, डोकं धरून रडतंय, दूध नको म्हणतंय, तर त्याला द्या. झोपलेल्या मुलाला फक्त ताप आहे म्हणून उठवून औषध पाजू नका. त्याला झोपेचीच जास्त गरज असते. जगभरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटना आता हेच सांगतात, की औषधाचा हेतू मुलाला आराम मिळावा एवढाच आहे.

काही जणांसाठी मात्र मी लवकर गोळी द्यायला सांगते. गरोदर बाई, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेला माणूस, अशक्त वृद्ध. ताप चढला की नाडी वेगाने पळते, श्वास वाढतो, शरीराला प्राणवायू जास्त लागतो. धडधाकट माणूस हा ताण सहज पेलतो, पण आधीच थकलेल्या हृदयाला तो झेपेलच असं नाही.

ताप डोक्यात जातो का?

हा प्रश्न आज्या विचारतात आणि त्यांच्या सुनाही, तितक्याच काळजीने. जंतुसंसर्गामुळे आलेल्या तापाला शरीर स्वतःच वरची मर्यादा घालतं. तो सहसा १०५-१०६ च्या पुढे जात नाही, आणि तापाच्या उष्णतेनेच मेंदूला इजा व्हायला साधारण १०७.६ च्या वरचं तापमान लागतं. ज्या मुलांच्या मेंदूला तापानंतर इजा झालेली आपण ऐकतो, त्यांना बहुतेक वेळा मेंदूज्वर किंवा मेंदूच्या आवरणाचा दाह झालेला असतो. म्हणजे इजा आजाराने केलेली असते, ताप फक्त सोबत असतो. आईबापांच्या मनातली ही भीती इतकी सार्वत्रिक आहे की १९८० मध्ये श्मिट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तिला ‘फीव्हर फोबिया’ असं नावच दिलं.

१०४ च्या पुढे ताप गेला तर डॉक्टरांना दाखवा. एवढा ताप आणणारा आजार कोणता, हे कळायला हवं.

माझ्या मुलाला तापात आकडी आली होती. आता ९९ झालं तरी मी औषध देते. बरोबर आहे ना?

तुमची भीती मी समजू शकते. डोळे फिरलेलं मूल हातात धरलेली आई ते आयुष्यभर विसरत नाही. पण तापाचं औषध वेळच्या वेळी दिल्याने आकडी टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात आकडी येते, त्यातल्या साधारण एक तृतीयांश मुलांना ती पुन्हा येते, आणि साधी आकडी असेल तर मुलाच्या बुद्धीवर तिचा परिणाम होत नाही.

पुन्हा आली तर मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडेल. घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. पाच मिनिटांच्या पुढे गेली तर १०८ ला फोन करा. पहिल्यांदाच आली असेल तर थांबल्यावरही त्याच दिवशी दाखवा.

मुलाला औषध किती द्यायचं? बाटलीवर काही कळत नाही.

इथे मी जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पॅरासिटामॉलचा डोस वयावर ठरत नाही, वजनावर ठरतो. दर किलोला साधारण १५ मिलिग्रॅम, दोन डोसांमध्ये चार ते सहा तास, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी १५० मिलिग्रॅम. आता बाटली हातात घ्या. एकाच कंपनीचं सिरप दोन ताकदींत येतं. एकावर ‘५ मिलिलिटरमध्ये १२०’ असं लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘५ मिलिलिटरमध्ये २५०’. खोकं जवळपास सारखंच दिसतं. पहिल्यातून त्या मुलाला सव्वासहा मिलिलिटर लागेल, दुसऱ्यातून तीनच. बाळांच्या ड्रॉप्समध्ये तर एका मिलिलिटरला १०० असतं, म्हणजे दीडच मिलिलिटर. आईने सकाळी एका बाटलीतून आणि आजीने दुपारी दुसरीतून सारखंच माप दिलं तर डोस दुप्पट होतो. ड्रॉपर हरवला म्हणून ड्रॉप्स चमच्याने देणारी घरंही मी पाहिली आहेत. घरात एका वेळी एकच बाटली ठेवा आणि स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. सोबतचं माप किंवा सुईविना सिरिंज घ्या.

मोठ्यांनी ६५० ची गोळी सहा-सहा तासांनी, म्हणजे दिवसाला चारच्या वर घेऊ नये. वजन पन्नास किलोच्या आत असेल, यकृताचा त्रास असेल किंवा रोजचं पिणं असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावं वेगळी, आत औषध एकच. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही तेच असतं. दोन्ही घेतल्या की नकळत जास्त होतं, आणि जास्त झालेलं पॅरासिटामॉल यकृत खराब करतं. वाईट हे की पहिले एक-दोन दिवस माणूस ठीक दिसतो. चुकून जास्त गेलं असं कळलं तर लक्षणांची वाट न बघता रुग्णालयात जा. त्यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.

१२ वर्षांखालच्या मुलांसाठी निमेसुलाइडवर आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. तापात मुलांना ॲस्पिरिनही देत नाहीत. त्याने मेंदू आणि यकृताला घातक असा रे सिंड्रोम होऊ शकतो.

औषध दिलं, तरी ताप १०३ चा १०१ च झाला. औषध लागू पडत नाही का?

लागू पडलं. एका डोसाने ताप साधारण दोन अंशच खाली येतो, तोही तास-दीड तासाने, आणि काही तासांनी परत चढतो. मूळ आजार आहे तोवर काटा वरच राहणार. मूल जरा उठून बसलं, दोन घोट पाणी प्यायलं, तर काम झालं. ९८.६ दिसेपर्यंत औषधावर औषध देऊ नका.

उलट बाजूही लक्षात ठेवा. गोळीने ताप झटकन उतरला म्हणजे आजार किरकोळ, असंही नसतं. डेंग्यूचा ताप गोळीने उतरतो, मलेरियाचाही उतरतो.

ताप उतरला की बरा झालो ना?

ठाणे-नवी मुंबईत पावसाळ्यात याचं उत्तर ‘थांबा’ असं आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीचे दिवस होते. लोकमान्य नगरचे एक रिक्षावाले दादा, चाळिशीचे. रविवारपासून ताप, डोळ्यांच्या मागे दुखणं. धंद्याचे दिवस म्हणून गोळी घेऊन रिक्षा चालवत राहिले. गुरुवारी सकाळी ताप गेला. ते खूश होऊन स्टँडवर गेले. संध्याकाळी त्यांची बायको त्यांना घेऊन आली. ते मलाच समजावत होते, ‘मॅडम, ताप तर गेलाय, जरा पोटात दुखतंय आणि दोनदा उलटी झाली एवढंच.’ मी हात हातात घेतला तर बर्फासारखा गार. अंगठ्याचं नख दाबून सोडलं तर गुलाबीपणा परत यायला तीन-चार सेकंद लागले. एरवी दोनच्या आत येतो. नाडी बारीक आणि वेगाची. रक्तदाब १०० आणि ८०. वरचा आकडा ऐकून बायकोला हायसं वाटलं, पण वरच्या-खालच्या आकड्यांतलं अंतर वीसवर आलं होतं, आणि ते मला घाबरवणारं होतं. तिथूनच त्यांना रुग्णालयात पाठवलं. योग्य वेळी सलाईन मिळालं आणि ते सहाव्या दिवशी घरी गेले.

डेंग्यूत असंच होतं. धोक्याचा काळ ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून पाण्याचा अंश बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, दाब पडतो. त्यामुळे ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा: पोटदुखी, उलट्या, रक्त, अस्वस्थपणा, गार हातपाय, कमी लघवी. या दिवसांत रक्ताची तपासणी रोज करायला सांगितली तर करा. प्लेटलेट्सच्या आकड्यावर घरातले सगळे नजर लावून असतात, पण रक्त किती घट्ट झालंय हा रिपोर्टमधला हिमॅटोक्रिटचा आकडाही तितकाच महत्त्वाचा आहे. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट्स दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत त्या बाहेरून चढवायची सहसा गरज नसते.

पपईच्या पानांच्या रसावर विसंबू नका. त्या कडू रसाने उलट्या होतात, आणि मग उलटी रसाची की डेंग्यूची हे आम्हाला कळत नाही.

म्हणूनच पावसाळ्यात इथे ताप असेल तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन मनाने घेऊ नका. डेंग्यू असेल तर रक्तस्राव वाढतो. अंगदुखीवर केमिस्ट जी ‘भारी’ गोळी देतो ती बहुतेक याच घरातली असते.

कितव्या दिवशी रक्त तपासायचं?

सर्दी, खोकला, घसा आहे, माणूस चालता-बोलता आहे, तर दोन-तीन दिवस वाट बघायला हरकत नाही. ताप तिसऱ्या दिवशीही असेल, किंवा पावसाळ्यात सर्दी-खोकला नसताना नुसताच जोराचा ताप असेल, तर तपासणी करा.

मलेरियाची पहिल्याच दिवशी करता येते, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ती मोफत होते. ताप एक दिवस सोडून थंडी वाजून येतो आहे, किंवा शेजारी बांधकाम चालू आहे, तर मलेरिया मनात ठेवाच. पनवेल-उलव्याकडे आणि घोडबंदरला जिकडे बघावं तिकडे टॉवर उभे राहतायत, आणि साचलेल्या पाण्याच्या टाक्यांत मलेरियाचा डास वाढतो. तपासणीत व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला तर १४ दिवसांच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या पूर्ण करा. मध्येच सोडल्या तर यकृतात लपलेले परजीवी महिन्यांनंतर परत ताप आणतात. ती गोळी गरोदरपणात देत नाहीत, आणि जीसिक्सपीडी हे रक्तातलं एन्झाइम कमी असलेल्यांना जपून द्यावी लागते.

डेंग्यूची एनएस१ तपासणी (विषाणूचा अंश शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची, त्यानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी).

टायफॉइडसाठी पहिल्या आठवड्यात विडाल नावाची रक्ततपासणी करून घेऊ नका, ती दिशाभूल करते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघणारी तपासणी, करणं बरोबर. टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस सरकारी पातळीवर जगात पहिल्यांदा आपल्या नवी मुंबई महापालिकेने दिली, २०१८ मध्ये, नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखाहून जास्त मुलांना. मला याचा अभिमान वाटतो आणि मी तो दर पालकाला सांगते.

गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलात आणि आठवडा-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, लाल डोळे असं झालं तर पाण्यातून आल्याचं डॉक्टरांना न विसरता सांगा. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसने, म्हणजे अशा दूषित पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाने, जे केलं ते आमच्या पिढीच्या डॉक्टरांनी पाहिलंय. रिपोर्ट यायच्या आधीच त्याचे उपचार सुरू करावे लागतात.

आणि संध्याकाळी येणारा बारीक ताप, रात्री घाम, वजन कमी होणं, असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर टीबीची तपासणी. लाजू नका.

मिठाच्या किंवा कोलोनच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवू का?

साध्या, कोमट पाण्याने अंग पुसलं आणि माणसाला बरं वाटलं तर जरूर पुसा. बर्फाचं पाणी नको. हुडहुडी भरते आणि अंग आणखी तापतं. कोलोन किंवा स्पिरिट नको. त्यातलं अल्कोहोल लहान मुलाच्या कातडीतून आणि श्वासातून आत जातं. मिठाने काही वेगळं होत नाही. मूल पट्टीला बघून रडत असेल तर ठेवूच नका.

पंखा चालतो, अंघोळ चालते.

तापात लंघन करावं का?

आयुर्वेदाने नव्या तापात लंघन सांगितलंय, आणि मोठ्या माणसाला भूक नसेल तर एक-दोन दिवस हलकं खाऊन राहिलं तर काही बिघडत नाही. पण पाण्याचं लंघन कधीच नाही. तापात शरीर जास्त ऊर्जा जाळतं आणि श्वास-घामावाटे जास्त पाणी गमावतं. भाताची पेज, मुगाचं कढण, मऊ भात-मेतकूट, ताक, शहाळं, जे आवडेल ते थोडं थोडं. लहान मुलांना उपाशी ठेवू नका, अंगावरचं दूध तर जास्तच वेळा द्या. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण घाला. ग्लासात चिमूट-चिमूट टाकून ते प्रमाण बिघडतं. मधुमेहाच्या माणसाने जेवण टाळून नेहमीची गोळी घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते, त्यांनी फोन करून विचारा.

काढा? गवती चहा, आलं, तुळस घालून जरूर प्या. घशाला शेक मिळतो आणि पाणी पोटात जातं.

एक सुई द्या ना मॅडम, लवकर उतरेल.

सुईने ताप तासभर आधी उतरेल, आजार नाही. तापासाठी दिली जाणारी सुई बऱ्याचदा डायक्लोफेनॅकची असते, तिचं डेंग्यूतलं वागणं वर लिहिलंय. तोंडाने पाणी घेता येत असेल तर सलाईनचीही गरज नाही. अँटिबायोटिक विषाणूंवर चालत नाही. मागच्या वर्षीच्या पाकिटात उरलेल्या तीन गोळ्या घेतल्या तर टायफॉइडचं कल्चर मात्र निगेटिव्ह येतं आणि आम्ही आठ दिवस अंधारात चाचपडतो. माझ्याकडे सुईसाठी आलेला माणूस रिकाम्या हाताने गेला की कधीकधी दुसरीकडे जाऊन घेतो, हे मला माहीत आहे. तरी मी देत नाही.

उन्हाने अंग तापलं तर तीच गोळी चालते का?

नाही. उष्माघातात मेंदूतला काटा वर सरकलेला नसतो. शरीराची उष्णता बाहेर टाकायची सोयच कोलमडलेली असते. त्यामुळे पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं दगावली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. उन्हात अंग भाजतंय आणि माणूस बरळतोय किंवा कोसळलाय, तर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर भरपूर गार पाणी ओता, जोरात वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा आणि १०८ ला फोन करा. इथे थंड पाणीच हवं. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

आजोबांना ताप नाही, पण दोन दिवस नुसते पडून आहेत. दाखवू का?

आजच दाखवा. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला न्यूमोनिया किंवा लघवीचा संसर्ग असूनही ताप चढेलच असं नसतं. जेवण सोडणं, तोल जाणं, अचानक नावं विसरणं, गादीत लघवी होणं, ही त्यांची तापाची भाषा आहे. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका.

रात्री-अपरात्री कुठे न्यायचं?

ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, नवी मुंबईत वाशी, नेरूळ आणि ऐरोलीची महापालिका रुग्णालयं. जवळचं खासगी रुग्णालय असेल तर तेही. सोबत एक कागद घ्या: ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, कोणतं औषध किती वाजता दिलं, शेवटची लघवी कधी झाली. किसननगरची एक आई हे सगळं मुलाच्या शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहून आणते. तिचं पान वाचलं की माझे अर्धे प्रश्न विचारायचे राहतच नाहीत.

शाळेत किंवा कामावर परत कधी जायचं?

गोळी न घेता २४ तास ताप नसेल आणि मूल नेहमीसारखं खात-खेळत असेल तर शाळेत पाठवा. सकाळी सिरप पाजून पाठवू नका. अकराच्या सुमारास शाळेतून फोन येतो आणि तोवर बाकावरच्या शेजाऱ्याला लागण झालेली असते. डेंग्यूनंतर मात्र ताप उतरून दोन दिवस झाले, भूक परतली, लघवी नीट होतेय आणि डॉक्टरांनी शेवटचा रक्ताचा रिपोर्ट बघितला, की मगच.